कंपनीतली युनियन गल्लीपर्यंत कशी न्यायची?

प्रश्न नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातल्या युनियन कमिटी मेंबरचा आहे. ते लिहितात: "आमच्या कंपनीत परमनंट कामगार कमी, ठेकेदाराकडचे त्यांच्या दुपटीहून जास्त. युनियन परमनंटचीच आहे. आम्ही राहतो सिडकोत, चुंचाळ्यात, श्रमिकनगरला, अशोकनगरला. वस्तीत काहीतरी उभं करावं असं कमिटीत सगळ्यांना वाटतं. पण सुरुवात कुठून करायची, युनियनच्या नावाने करायची का, पैसे कोणाचे वापरायचे, आणि कंपनीतल्या ताकदीला त्याचा खरंच उपयोग होतो का?"

शेवटचा प्रश्न आधी घेतो. उपयोग होतो, आणि आज सातपूर-अंबडमध्ये वस्तीतल्या कामाशिवाय युनियन फार काळ तग धरेल असं मला वाटत नाही. तुमच्याच कंपनीचं बघा. निम्म्याहून जास्त कामगार तुम्हाला गेटवर भेटूच शकत नाहीत. ठेकेदाराचा माणूस गेट मीटिंगला दोन मिनिटं रेंगाळला की सुपरवायझर नाव टिपतो आणि पुढच्या महिन्यात त्या पोराला 'ब्रेक' मिळतो, म्हणजे काही दिवस कामावरून घरी बसवलं जातं. हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे तो मान खाली घालून निघून जातो, आणि आपले परमनंट म्हणतात, यांना युनियन नकोच आहे. तोच पोरगा संध्याकाळी तुमच्या गल्लीत दुधाची पिशवी घेऊन जाताना दिसतो. तिथे नाव टिपणारा कोणी नसतो. त्याच्याशी बोलायची जागा ती आहे.

जुन्या पिढीला वस्तीचं काम वेगळं करावंच लागत नव्हतं. मुंबईच्या गिरणगावात गिरणी आणि चाळ पायी अंतरावर. १९२८ चा सार्वत्रिक संप सहा महिने चालला त्यात चाळींचा, उधारी देणाऱ्या दुकानदारांचा आणि खानावळ चालवणाऱ्या बायांचा वाटा मोठा होता. आपल्याकडेही नाशिकरोडला सरकारी छापखान्याच्या, म्हणजे प्रेसच्या कामगारांचं नेहरूनगर, ओझरला एचएएल विमान कारखान्याची वसाहत, एकलहऱ्याला वीज केंद्राची कॉलनी. शेजारी तोच सहकारी, मग निरोप जायला वेळ कितीसा लागणार? सातपूर-अंबड तसं वसलेलं नाही. एका गल्लीत दहा कंपन्यांचे लोक राहतात आणि एका कंपनीचे लोक दहा गल्ल्यांत विखुरलेले असतात. म्हणून वस्तीत तुमच्या कंपनीच्या युनियनची शाखा काढू नका, ती चालत नाही. गल्लीची कमिटी करा, त्यात कोणत्याही कंपनीचा, कोणत्याही युनियनचा आणि मुख्य म्हणजे कोणत्याच युनियनचा नसलेला माणूस येऊ द्या.

पहिलं काम यादीचं. युनियनच्या रजिस्टरमधले पत्ते बहुतेक वेळा गावाकडचे किंवा जुने असतात, त्यांच्यावर विसंबू नका. कंपनीच्या बसच्या थांब्यावरून यादी करा: त्रिमूर्ती चौकात कोण उतरतं, पवननगरला कोण, पाथर्डी फाट्याला कोण. ज्या दोन-तीन ठिकाणी तुमचे सात-आठ सभासद पायी अंतरावर सापडतील तिथूनच सुरुवात करा, बाकीचा भाग सध्या सोडून द्या. नवीन नाशिकभर, म्हणजे अख्ख्या सिडकोत, एकदम पसरायला गेलात तर दोन महिन्यांत फक्त व्हॉट्सॲप ग्रुप उरतो. पाळ्यांचंही भान ठेवा. ज्यांची दुसरी पाळी आहे ते संध्याकाळच्या बैठकीला कधीच येणार नाहीत, आणि साप्ताहिक सुट्टी सगळ्या कंपन्यांना एकाच वारी नसते. बैठक एक आठवडा सकाळी, एक आठवडा संध्याकाळी अशी आलटून पालटून ठेवली तर निभतं.

आता सुरुवात कशाने करायची? माझं ठाम मत आहे की सुरुवात पगारचिठ्ठीने करा. झेंडा, फलक, उद्घाटन, पाहुणे, हे काही नको. पगार सात तारखेपर्यंत होतो, तर त्यानंतरच्या रविवारी एखाद्या सभासदाच्या ओट्यावर टेबल टाका. जवळ दोन चार्ज केलेले मोबाइल, एक वही, कार्बन आणि कोरे कागद असू द्या. ज्याला वाटेल त्याने आपली पगारचिठ्ठी घेऊन यावं, एवढाच निरोप. चिठ्ठीच मिळत नाही म्हणणारे पुष्कळ निघतील, त्यांनी बँकेचं पासबुक आणावं.

या टेबलावर काय होतं ते जवळून सांगतो, कारण सगळं काम इथून उभं राहतं. समजा एका पोराच्या चिठ्ठीत मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,००० आहे. बारा टक्क्यांनी भविष्य निधीचे १,४४० कापलेले दिसतात. त्याचा यूएएन, म्हणजे भविष्य निधी खात्याचा नंबर घेऊन सरकारच्या उमंग ॲपवर पासबुक उघडायचं. एप्रिल आहे, मे आहे, जून-जुलै गायब, ऑगस्टपासून दुसऱ्याच ठेकेदाराच्या नावाने भरणा. पोरगा म्हणतो, मी तर एकाच मशीनवर आहे, कंपनी बदललीच नाही. कपात झाली पण भरणा झाला नाही, हे त्याला पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. तिथे त्याला एवढंच सांगायचं की ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर मूळ मालकाची, म्हणजे कंपनीची, जबाबदारी कायद्याने संपत नाही. बाकी भाषणाची गरज नसते.

तसंच ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं. एकूण पगार १४,००० असेल तर कामगाराचे पाऊण टक्क्याने १०५ रुपये कापले जातात, मालकाचा भाग सव्वातीन टक्के. २१,००० पर्यंत पगार असणाऱ्याला ही योजना लागू आहे. पण सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात औषध मिळतं यापलीकडे बहुतेकांना काही ठाऊक नसतं. आजारपणात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. त्यासाठी सहा महिन्यांच्या कालावधीत, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्चमध्ये, किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. इथे 'ब्रेक'चा खरा अर्थ कळतो. मध्येच महिना-दीड महिना घरी बसवलं आणि वर्गणीचे दिवस कमी पडले, तर पुढे पाय मोडून पडल्यावर आजारपणाची रक्कम हातात पडत नाही. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळायला हवा, हेही इथेच सांगा. बारा-बारा तास करून साध्या दराने पैसे घेणारे तुमच्या गल्लीत डझनाने आहेत.

वहीत प्रत्येकाचं नाव, कंपनी, ठेकेदार, अडचण आणि पुढे काय करायचं हे लिहा. वही बाहेरच्या कोणाच्या हाती पडू देऊ नका आणि तिच्या पानांचे फोटो ग्रुपवर टाकू नका, त्या पोरांची नोकरी तिच्यावर अवलंबून आहे. तीन महिने टेबल नियमित लागलं की वहीत आपोआप चित्र उमटतं: एकाच ठेकेदाराची नावं पुन्हा पुन्हा येतात, आणि तो ठेकेदार तीन-चार कंपन्यांत माणसं पुरवत असतो. तुमच्या कंपनीच्या गेटवर उभं राहून हे तुम्हाला कधीच दिसलं नसतं. मग त्या चार कंपन्यांच्या कमिट्यांना एकत्र बसवा आणि तक्रार एकट्या पोराच्या नावाने न जाता युनियनच्या लेटरहेडवर भविष्य निधी कार्यालयात आणि कामगार उपायुक्तांकडे जाऊ द्या. तुमच्या परमनंट युनियनकडे जे आहे ते त्याच्याकडे नाही: कागद लिहिता येतो, पोच घेता येते, तारखेला हजर राहता येतं, आणि तुम्हाला सहज काढता येत नाही. ते त्याच्या उपयोगी आणायचं.

यापुढचा मुद्दा अवघड आहे, आणि बरेच कार्यकर्ते तो टाळतात. सिडकोच्या घरांवर मजले कोणी चढवले? चुंचाळे, दत्तनगर भागात दहा बाय दहाच्या खोल्या काढून भाड्याने कोणी दिल्या? त्यात आपले परमनंट सभासदही आहेत. करारातली वाढ, पतसंस्थेचं कर्ज, त्यातून वरच्या दोन खोल्या झाल्या, यात गैर काही नाही. कष्टाचा पैसा आहे. पण त्या खोलीत राहणारी चार पोरं तुमच्याच कंपनीत ठेकेदाराकडे आहेत. खाली करार झाल्याचे पेढे वाटले जातात आणि वरच्या पोरांना त्याच महिन्यात खोलीभाडं वाढल्याचं कळतं. सबमीटरवर विजेचा दर महावितरणच्या दरापेक्षा जास्त लावलेला असतो. अशा घरातला सभासद कामगार एकजुटीबद्दल बोलायला लागला की पोरं गप्प बसतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

म्हणून वस्तीत उतरण्याआधी कमिटीत हा विषय घ्या आणि आपल्या सभासदांपुरता तरी नियम ठरवा. भाडेकराराचा कागद करायचा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात लेखी करार करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे, भाड्याची पावती देणंही बंधनकारक आहे, आणि भाडं थकलं म्हणून पाणी-वीज तोडता येत नाही. वीज जेवढ्याला येते तेवढ्यालाच द्यायची. कंपनीत ब्रेक मिळालेल्या पोराला निदान एक महिना खोली सोडायला सांगायचं नाही. हे तीन नियम दहा सभासदांनी जरी पाळले तरी त्याची चर्चा गल्लीभर होते. शिवाय कराराचा कागद हातात आला की त्या पोराला नाशिकचा पत्ता मिळतो, आणि त्या पत्त्यावर बँक, गॅस, मुलाची शाळा, सगळं सोपं होतं. रेशनचं वेगळं: उत्तर प्रदेश-बिहारच्या पोरांचं कार्ड गावाकडचं असलं तरी 'एक देश एक रेशन कार्ड'खाली त्यांचा वाटा इथल्या दुकानातून उचलता येतो. तेवढं एकदा दुकानदाराकडे सोबत जाऊन करून द्या.

बायांबद्दल. मी आतापर्यंत पाहिलेल्या ज्या ज्या गल्ली कमिट्या टिकल्या त्या बायांनी चालवलेल्या होत्या, पुरुषांच्या पाळ्या बदलतात आणि कमिटी विस्कटते. पण 'महिला आघाडी' काढून हळदीकुंकवाला बोलावणं म्हणजे त्यांना कमिटीत घेणं नव्हे. तुमच्या घरातल्या, शेजारच्या बाया स्वतः कामगार आहेत. कोणी अंबडमध्ये पॅकिंगला जाते, कोणी गोविंदनगर, कॉलेज रोडच्या घरांत धुणीभांडी करते, कोणी आशा आहे, कोणी अंगणवाडीत. अंगणवाडी सेविकांनी डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर संप सुरू केला आणि तो दीड महिन्याहून जास्त चालवला. तेवढा अनुभव तुमच्या कंपनीतल्या किती कमिट्यांना आहे? आणि कोणत्या घरात कोण आजारी, कोणाची नोकरी गेली, कोण नवीन राहायला आलं, हे अंगणवाडीच्या ताईंना जेवढं ठाऊक असतं तेवढं कोणालाच नसतं. गल्लीत फिरायचं तर एक पुरुष आणि एक बाई अशा जोडीने फिरा. दुपारी फिरणं बायांवर सोपवा, त्या वेळेला घरात बोलायला माणसं असतात. कमिटीची वही आणि हिशोब बाईच्या हाती द्या. भिशी आणि बचत गट चालवणाऱ्यांना हिशोब नवा नाही.

घरकामगारांची मंडळाकडे नोंदणी (२००८ चा कायदा) आणि बांधकाम कामगारांची ९० दिवसांच्या कामाच्या दाखल्यावर होणारी नोंदणी, ही दोन कामं याच टेबलावर होऊ शकतात. २०२७ च्या सिंहस्थाची कामं शहरभर निघाली आहेत, बांधकाम मजूर वस्तीत येत आहेत. नोंदणीचे पैसे उकळणारे दलालही त्यांच्या मागे येतात. तुमचं टेबल फुकट असेल तर दलाल आपोआप मागे हटतो.

पगाराच्या टेबलावर विश्वास बसल्यावरच वस्तीचा नागरी प्रश्न हातात घ्या, आणि घेताना असा निवडा की ज्यात घर आणि कंपनी दोन्ही येतात. माझ्या मते तुमच्या भागात असा प्रश्न रात्रीच्या रस्त्याचा आहे. दुसरी पाळी सुटल्यावर अंधाऱ्या रस्त्याने घरी जाणाऱ्या कामगाराला अडवून मोबाइल, पगार हिसकावल्याच्या तक्रारी एमआयडीसीला नव्या नाहीत. यात परमनंट, ठेकेदारी, बाई, पुरुष, मराठी, बिहारी असा भेद नाही, आणि चहाच्या टपरीवाल्यापासून कारखानदारापर्यंत कोणी विरोधात जाणार नाही. काम कसं करायचं? आधी चार जणांनी रात्री ११ नंतर तो रस्ता चालायचा आणि बंद खांबांचे नंबर टिपायचे. "परिसरात अंधार असतो" असं निवेदन फाइलला लागतं, "अमुक वळणापासून पुढचे सात खांब बंद" असं लिहिलं की अभियंत्याला उत्तर द्यावं लागतं. मग तो दिवा महापालिकेचा की एमआयडीसीचा हे शोधा, कारण दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. निवेदन दोन्हीकडे द्या, पोलीस ठाण्यालाही प्रत द्या, प्रत्येकावर शिक्का आणि तारखेची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात देखभालीच्या ठेक्याची प्रत मागा. शिष्टमंडळात किमान निम्म्या बाया आणि एक तरी ठेकेदारी कामगार असू द्या. आणि परत आल्यावर त्याच रात्री त्याच गल्लीत उभं राहून सांगा: साहेब काय म्हणाले, किती दिवसांची मुदत दिली, पुढे कधी जायचं. कंपनीत वाटाघाटी करून आल्यावर गेटवर तुम्ही हेच करता. वस्तीत पुढारी येतो, आश्वासन देतो आणि जातो, परत येऊन हिशोब देणारा लोकांनी पाहिलेला नसतो. तुमची ओळख त्यावरून ठरेल.

गावागावांत कमिट्या असल्या की काय होतं ते नाशिकने पाहिलेलं आहे. ६ मार्च २०१८ ला सीबीएस चौकातून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च १२ तारखेला पहाटे मुंबईत आझाद मैदानावर पोचला होता, दहावीच्या पोरांच्या परीक्षेला अडथळा नको म्हणून रात्रीतून चालून. सुरगाणा, पेठ, दिंडोरीच्या आदिवासी गावांत वर्षानुवर्षं बैठका झाल्या नसत्या तर एवढी माणसं शिस्तीत आठवडाभर चाललीच नसती.

नाव आणि पैसे. युनियनच्या सर्वसाधारण निधीतून वस्तीच्या कामाला हात घालू नका. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यात तो निधी कशावर खर्च करायचा हे बांधून दिलेलं होतं, आणि नागरी व राजकीय कामासाठी वेगळा, ऐच्छिक निधी ठेवण्याची तरतूद होती. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तसा वेगळा निधी ठेवता येतो. गल्लीचा खर्च मुळात फार नसतो: झेरॉक्स, वही, चहा, रिक्षाभाडं. घरटी महिना दहा रुपये घ्या, पावती फाडा आणि महिन्याचा हिशोब कागदावर लिहून ओट्याच्या भिंतीला चिकटवा. कोणी एकदम पाच हजार द्यायला आला तर नम्रपणे नाही म्हणा, मग तो कितीही जवळचा असो. नावात युनियन नको, गल्लीचं नाव घ्या. पण आपण युनियनचे आहोत हे लपवू पण नका, विचारलं की सरळ सांगा.

पाच हजार द्यायला येणारा बहुधा निवडणुकीच्या तयारीतला असतो. मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. त्या काळात ज्या वस्त्यांना स्वतः विभागीय कार्यालयात जायची सवय लागली त्यांची सवय आता मोडू देऊ नका. नवे नगरसेवक आले आहेत, त्यांच्याकडे निवेदन घेऊन जरूर जा, प्रभागातल्या चारही जणांकडे जा, पक्ष बघू नका. कमिटीतल्या कोणाला पुढे उभं राहायचं असेल तर तो त्याचा हक्क आहे, फक्त त्याने आधी कमिटीचं पद सोडावं. हा नियम पहिल्याच बैठकीत इतिवृत्तात लिहून ठेवा, कोणीही इच्छुक नसताना.

मंडळांशी भांडण घेऊ नका. गणपती, भीमजयंती, आणि सिडको-सातपूरच्या खानदेशी घरांतली श्रावणातली कानबाई, या दिवसांत अख्खी गल्ली रस्त्यावर असते. कानबाईच्या रात्री जागरणाला जाऊन बसा, अहिराणी येत असेल तर अहिराणीत बोला, पत्रकं वाटू नका. पुढच्या रविवारी टेबलावर चार नवे चेहरे दिसतील.

राहिला कंपनीचा भाग. सहा-आठ महिन्यांनी टेबलावर येणारी पोरं स्वतःहून विचारतील, आम्हाला युनियनमध्ये घेता का? त्याआधी तुमची तयारी हवी. युनियनची घटना कपाटातून काढा आणि सभासदत्वाचं कलम वाचा. त्यात फक्त 'कायम कामगार' असं लिहिलेलं असेल तर ठेकेदाराच्या कामगारालाही सभासद होता येईल अशी दुरुस्ती वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आणा. सभेत विरोध होईल. यांना घेतलं तर पुढच्या करारात आपली वाढ कमी होईल, असं म्हणणारे उठतील, आणि ती भीती खरी आहे, तिला उडवून लावू नका. त्यांना वहीतले आकडे दाखवा: ज्या मशीनवर आज ठेकेदाराचा माणूस निम्म्याहून कमी पगारात उभा आहे, त्या मशीनवर कंपनी उद्या परमनंट माणूस का घेईल? दुरुस्ती मंजूर झाली की निबंधकांकडे नोंदवून घ्या. नवे फॉर्म गेटवर भरू नका. ते ओट्यावरच भरा, वर्गणीची पावती तिथेच द्या, आणि पुरेशी संख्या होईपर्यंत कंपनीला यादी देऊ नका.